समासातली त्रिशला

आमच्या घरातून कुणाचंही भांडं रिकामं परत जात नसे. शेजारच्या काकूंनी वाटीभर आमटी पाठवली, की ती वाटी घासून, पुसून, तिच्यात काहीतरी घालूनच परत जायची. दुसरं काही नसेल तर गुळाचा खडा, तोही नसेल तर चिमूटभर साखर. वाटी पोचवायचं काम लहानपणी माझ्याकडे असे आणि तो खडा मी बऱ्याचदा वाटेतच खाऊन टाकत असे. काकू कधी काही बोलल्या नाहीत. तेव्हा दुसऱ्याच्या नावाचं आपल्या तोंडात टाकायची सवय मला पहिल्यापासून होती म्हणायला हरकत नाही. आज हे हसत लिहिते आहे, पण अकरावीच्या वर्षी याच सवयीपायी मी वहिनीच्या बाबतीत जे करून बसले होते, ते आठवलं की अजूनही एकटी असताना कानशिलं गरम होतात.

आमचं गाव शिरोळकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. हंगामात सकाळपासून ट्रॅक्टर जात, मागे दोन-दोन ट्रॉल्या आणि पुढे स्पीकर. एकाचं गाणं गल्लीच्या टोकाला विरतंय तोवर दुसऱ्याचं सुरू होई, त्यामुळे कुठलंच गाणं मला कधी पूर्ण ऐकायला मिळालं नाही. आम्ही शेती करणारे जैन. आईच्या चुलीवर कांदा-लसूण चढत नसे. लसणाशिवायचा तिचा खर्डा इतका जाळ असे की पाहुण्यांना काही कमी आहे हे कळायला सवडच मिळत नसे. सकाळी पहिलं काम पाणी गाळायचं आणि संध्याकाळचं शेवटचं काम सूर्य बुडायच्या आत जेवायचं. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, ताक. माझं कॉलेज कोल्हापुरात, शाहूपुरीत, स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर. चारला सुटायचं, धावत एसटी गाठायची आणि गावाच्या फाट्यावर उतरलं की पुन्हा धावायचं. थंडीच्या दिवसांत आई दारात उभी राहून एकदा माझ्याकडे आणि एकदा पश्चिमेकडे बघत असे. पाच मिनिटं उशीर झाला तर माझं ताट झाकून थेट दुसऱ्या दिवसावर जायचं. त्या काळात मी जेवढी धावले तेवढी पुन्हा आयुष्यात धावले नाही.

जेवणं इतक्या लवकर झाली की संध्याकाळ लांबलचक पडलेली असे. आण्णा सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, पेपर घेऊन बसत, आई जप करी, दादा पारावर जाई. आणि वहिनी भांडी घासून, हात पदराला पुसून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आपला फोन घेऊन बसे. तिचं नाव त्रिशला. माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठी. नदीकाठच्या गावातून लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा कपाटाबरोबर हा फोनही माहेरून आला होता. वयानं मोठी असूनही मी नवऱ्याची बहीण म्हणून ती मला ‘पद्माताई’ म्हणे आणि ‘तुम्ही’ म्हणे, आणि मी तिला बेलाशक ‘ए वैनी’. रीतच तशी होती आणि ती मला सोयीची होती. अकरावीला असताना तिची शाळा सुटली एवढं मला ठाऊक होतं. का सुटली हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

भूगोलाला आम्हाला कांबळे मॅडम होत्या. उंचीला बेताच्या, आवाजाला मोठ्या. कॉलेजला कुणीतरी दहा टॅब देणगी दिले होते आणि ते कपाटात कुलूपबंद पडले होते. मॅडमनी किल्ली मागून घेतली आणि आमच्या चाळीस जणांची मिळून टॅबवर एकच वही काढली. रोज चौघांनी तास चालू असताना टिपणं लिहायची, बाकीच्यांनी ती वाचून दुरुस्त करायची, भर घालायची, आणि काही अडलं तर शेजारच्या समासात प्रश्न टाकायचा. ही वही कॉलेजात उघडा, घरी फोनवर उघडा, सगळ्यांना एकच दिसायची. कुणी लिहायला लागलं की त्याच्या नावाची बारीकशी रंगीत पट्टी ओळीवरून पुढं सरकताना दिसे. पहिले काही दिवस आम्ही अभ्यास सोडून नुसत्या पट्ट्याच बघत बसायचो. मग नवलाई ओसरली आणि टिपणं खरोखर चांगली होऊ लागली. समास मात्र कोरा राहिला. ‘मला कळलं नाही’ असं लिहायला कुणी तयार नव्हतं, कारण लिहिलं की शेजारी नाव येई. मॅडम रोज विचारत, “सगळं कळलं? एकालाही शंका नाही?” आणि आम्ही चाळीस जण विद्वानांसारखे गप्प.

वहीत शिरायला प्रत्येकाला स्वतःचं खातं लागे. फोन बारावीनंतर, हा आण्णांचा शब्द होता, म्हणून मी वहिनीच्या खात्यातून शिरले. तिनं पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून माझ्या कंपासपेटीत ठेवला. त्यामुळे वर्गाच्या वहीत माझं नाव ‘त्रिशला’ पडलं. पोरींना चिडवायला तेवढं पुरे झालं. माझ्या बाकावरची शबाना तर हजेरीला मुद्दाम ‘त्रिशला, हजर’ म्हणून ओरडे.

दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला असेल. मॅडम वर्गात आल्या त्या भिंतीवर वही दाखवतच. आम्ही पुराचा नकाशा काढला होता. नदी निळी, काठ हिरवा आणि नदीकडून गावाकडे जाणारे लाल बाण. त्याच्या समासात एक प्रश्न होता. मॅडमनी तो मोठ्यानं वाचला. “पुराचा बाण नदीकडनं दाराकडं काढलाय. आमच्या घरात पाणी मोरीतनं वर आलं. मग त्यो बाण कुठाय?” खाली नाव, त्रिशला. मॅडमनी मागची पानं उलगडली. तिथंही प्रश्न होते. जमीन खारट का होते, या टिपणाशेजारी, “पाणी जास्त दिल्यावर मीठ धुऊन जायला पायजे, ते वर का येतंय?” असे सात-आठ प्रश्न, सगळे आमच्या बोलीत, सगळे सरळ. आणि त्यांच्याखाली मुलांची उत्तरं, त्या उत्तरांवर भांडणं. एकीनं विचारायचं धाडस केल्यावर बाकीचेही हळूहळू बोलते झाले होते आणि माझं लक्षच नव्हतं, कारण सुट्टीत मी वही उघडलीच नव्हती आणि एरवी कॉलेज सुटलं की मी एसटीच्या मागे असे. “त्रिशला म्हणजे आपली पद्मा ना? उभी राहा गं,” मॅडम म्हणाल्या. “वीस वर्षं हा नकाशा शिकवतेय. मोरीचा बाण मला कुणी विचारला नव्हता.”

मी उभी राहिले. त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण मला त्याआधी कुणी कौतुकासाठी उभं केलं नव्हतं. मी मान खाली घातली, आणि वर्गानं तो विनय समजला.

घरी गेल्यावर, जेवण झाल्यावर, मी वहिनीला उंबऱ्यातच गाठलं. “ए वैनी, वहीत तू लिवलंस?” तिच्या हातातला फोन खालीच गेला. “चुकलं व्हय? मला वाटलं ती जागा इचारायसाठीच हाय.” आमच्या भागात बायका स्वतःबद्दलही ‘मी जातो, मी येतो’ असंच बोलतात, तशीच ती पुढे म्हणाली, “मी रोज वाचतो ती वही. दुपारी भाकरी रानात गेली की. सगळ्या पोरांनी एवढं लिवलेलं फुकट वाचायचं, आन् भांडं रिकामंच परत द्यायचं, ते बरं वाटंना. माझ्याकडं दुसरं काय हाय? न्हाय कळलं तेवढं घातलं.”

आजची मी तिथं असते तर तिच्या गळ्यात पडले असते. तेव्हाची मी शहाणी. मॅडमनी सांगितलं होतं की पुढच्या महिन्यात इतर कॉलेजांतले शिक्षक आमची वही बघायला येणार आहेत आणि ती दाखवायला मी उभं राहायचं आहे. ते माझ्या डोक्यात गेलं होतं. मी म्हणाले, “परस्पर लिवू नको. काय इचारायचं ते मला सांग, मी लिवतो. न्हायतर वर्गात घोळ हुईल.” ती “बरं पद्माताई” म्हणाली आणि दुधाचं पातेलं झाकायला उठली. घोळ कसला होणार होता हे तिनं विचारलं नाही. मला वाटतं तिला कळलं होतं.

मग काही आठवडे मी तिचे प्रश्न कागदावर उतरवून नेऊ लागले. वाटेत एसटीत बसून ते सुधारत असे. तिच्या ‘मीठ वर का येतंय’चं मी ‘क्षारांच्या ऊर्ध्वगामी हालचालीची कारणे स्पष्ट करा’ केलं. असल्या प्रश्नाला कोण उत्तर देणार? समास पुन्हा ओस पडायला लागला. शबाना एकदा म्हणाली, “तू आधी लई भारी इचारायचीस. आता पेपर काढल्यागत काय लिवतीस?” वहिनी तर दिवसेंदिवस कमीच सांगू लागली. शेवटी एकदा म्हणाली, “ऱ्हाऊ द्या पद्माताई, सगळं कळालं आता.” अगदी आम्ही चाळीस जण म्हणायचो तसंच. संध्याकाळी उंबऱ्यात ती फोनऐवजी शेंगा फोडत बसलेली दिसू लागली, आणि मी ते बघून न बघितल्यासारखं करत राहिले.

पाहुणे आले तो दिवस. मोठा हॉल, तीस-चाळीस शिक्षक, भिंतीवर आमची वही. मी नवा ड्रेस घातला होता आणि मॅडमनी शिकवलेलं सगळं धडाधडा बोलले. टॅब टेबलावर ठेवून, हात मागे बांधून. पहिल्या रांगेत एक वयस्कर सर बसले होते. ते मोरीचा प्रश्न वाचून म्हणाले, “हे आवडलं मला. बाळ, पाणी मोरीतून आलं तेव्हा तू काय बघितलंस ते सांग की जरा.” मी काय बघितलं होतं? आमचं घर उंचावर. पुराच्या दिवसांत मी पेठ वडगावला मामाकडे होते, तिथं खिडकीत बसून शेंगदाण्याचे लाडू खात होते. मी तोंड उघडलं आणि मिटलं. सरांना वाटलं मला प्रश्न ऐकू गेला नाही. टिपणं घ्यायला बसलेल्या शबानानं मला मदत म्हणून तो समासात टाईप केला, “पाहुणे विचारतायत, पाणी मोरीतून आलं तेव्हा काय बघितलंस?” आता तो भिंतीवर हातभर मोठा दिसत होता. हॉल वाट बघत होता.

आणि त्या प्रश्नाखाली नावाची पट्टी उमटली. त्रिशला. माझे दोन्ही हात पाठीमागे होते, टॅब टेबलावर होता, सगळ्यांना दिसत होता. पट्टी थांबत, अडखळत, पुढं सरकू लागली.

“रस्त्यावर पाणी नव्हतं. अंगण कोरडं होतं. नदी वाढली की पाणी दारातनं येणार म्हणून आमी सगळी दारात बसलतो राखत. आई, बाबा, मी. पोती लावली, माती लावली. मागं मोरीत गुडगुड वाजलं. आई म्हणाली उंदीर असंल. मग साबणाची वडी तरंगत सोप्यात आली. बाबांनी भोकावर पाटा ठिवला तर पाणी पाट्याच्या कडंनं आलं. गावाची गटारं नदीला जात्यात. नदी वर चढली की गटार उलटं व्हातंय. आमी दाराकडं तोंड करून बसलतो आन् पाणी पाठीमागनं आलं. माझ्या अकरावीच्या वह्या कॉटखाली पेटीत होत्या. त्या न्हाय ऱ्हायल्या. मग कालेज पण न्हाय ऱ्हायलं.”

पट्टी थांबली. मग पुन्हा हलली. “ही वही बरी हाय. भिजत न्हाय.”

वाचता वाचता मला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक म्हणजे, जिला लिहू नको म्हणून मी बजावलं होतं ती चुलीपुढे बसून शबानाच्या टिपणांतून माझा कार्यक्रम बघत होती, आणि प्रश्नाखाली उत्तर येत नाही, मी अडकले हे ओळखून मला सोडवायला लिहीत होती. दुसरी, जी वहिनी दीड वर्ष माझ्या शेजारी जेवत होती तिची शाळा का सुटली हे मला भिंतीवर वाचावं लागलं, चाळीस परक्या माणसांबरोबर. मला रडू आवरेना. “ती माझी वहिनी आहे,” मी म्हणाले. “सगळे प्रश्न तिचेच आहेत. मी एकही विचारलेला नाही.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी आपला टॅब उघडला आणि समासात लिहिलं, “त्रिशला, तुम्ही कुठून लिहिताय?” उत्तर लगेच आलं. “स्वयंपाकघरातनं. भाकरी तव्यावर हाय.” हॉलमध्ये हशा पिकला, पण तो चांगला हशा होता. ते वयस्कर सर हसता हसता चष्मा काढून पुसत होते.

पाहुणे गेल्यावर मॅडमनी मला थांबवून घेतलं. मी ‘सॉरी’ म्हणायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच गप्प केलं. “दुसऱ्याचं कौतुक घेतलंस, त्याचं एक वेळ राहू दे. पण चाळीस जण गप्प बसले होते, एकजण बोलत होती, तिला तू गप्प केलंस. त्याचा मला राग आलाय.” मला आयुष्यात पुष्कळ जण रागावले, पण एवढं नेमकं कुणी रागावलं नाही. मग त्यांनी ड्रॉवर उघडला, कागद शोधला आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, “सतरा नंबरचा फॉर्म ठाऊक आहे का? कॉलेजात न येता, बाहेरून बारावीला बसता येतं. तिला विचार. आणि ह्या वेळेला तिचं उत्तर सुधारून आणू नको.”

त्या दिवशी फाट्यावरून मी धावले नाही. सूर्य बुडाला तर बुडू दे असं पहिल्यांदाच वाटलं. पण वहिनीच अर्ध्या वाटेवर येऊन उभी होती, डोक्यावरचा पदर दातात धरून. “माझं चुकलं पद्माताई. लिवायचं न्हाय म्हणून सांगितलंतं तुमी. पर तुमी गप्पच. मला बघवंना.” मी तिथंच रस्त्यात रडायला लागले. शेजारून ट्रॅक्टर गाणं लावून गेला, त्यावरचा ड्रायव्हर मान वळवून बघत राहिला. तिला वाटलं मला कॉलेजातून काढलं. मी दप्तरातून फॉर्म काढून तिच्या हातात दिला. तिनं तो वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला. “वह्या न्हाईत माझ्याकडं,” ती म्हणाली. मग तिचं तिलाच काहीतरी आठवलं आणि ती हसली.

घरी आईनं ऐकून घेतलं. फॉर्म, मॅडम, बारावी, सगळं. आण्णा पेपर खाली घेऊन आईकडे बघत होते, दादा आण्णांकडे. आई म्हणाली, “दिस बुडायच्या आत जेवणं झाली पायजेत. त्याच्या आदी आन् नंतर कोण काय वाचतंय ते मला कशाला इचारता?” एवढ्यावर सभा संपली. दादानं दुसऱ्या दिवशी फॉर्मला लावायला वहिनीचा फोटो काढून आणला.

वर्गाच्या वहीच्या पहिल्या पानावर चाळीस नावं होती. मॅडमनी एकेचाळिसावं घातलं. आता माझं स्वतःचं खातं काढायला हवं होतं आणि आण्णांचा शब्द काही मोडला नव्हता, म्हणून वहिनीनंच आपल्या फोनवर ते काढून दिलं. मी तिच्या शेजारी उंबऱ्यात बसले होते. पहिल्यांदा माझं नाव घेऊन मी त्या वहीत शिरले आणि मोरीच्या प्रश्नाशेजारी गेले. नकाशात आता गटारातून उलटा येणारा दुसरा बाण होता. त्याच्याखाली मी लिहिलं, “हा प्रश्न माझा नव्हता. मी तो माझा म्हणून घेतला.” आणि फोन तिच्या हातात देऊन, तिच्याकडे बघायचं धैर्य नाही म्हणून पाणी प्यायला उठले.

परत आले तेव्हा ती चुलीकडे तोंड करून दूध बघत होती. फोन उंबऱ्यावरच होता. माझ्या ओळीखाली तिची ओळ आली होती. त्या ओळीत ‘ताई’ नव्हतं, ‘तुम्ही’ही नव्हतं.

“पद्मा, भांडं तू आणलंस. मी नुसतं भरून दिलं.”